एका माणसाची भाजी

नारायणगावात कुणाला भाजी द्यायला जाणं म्हणजे नदीकाठच्या माणसाला तांब्याभर पाणी नेऊन देणं. भाव पडला की बाजाराबाहेर टोमॅटोचे ढीग ओतलेले असतात, जीपवाले टपावर कोबीची पोती बांधून निघतात, आणि ज्याला स्वतःचं शेत नाही त्याला शेतवाला सोयरा तरी असतोच. अशा गावात रुक्मिणीबाई रोज सकाळी पदरात दोडके, गवार, घोसाळी घेऊन दारोदार हिंडत.

त्यांचं घर पेठेत. पुढं दुकान, मागं राहायच्या तीन खोल्या, त्याच्या मागं परस. यजमान पुनमचंदजी गेल्यावर मुलानं, कल्पेशनं, दोन वर्षं दुकान चालवलं. अठ्ठ्याण्णव साली ते एसटीडी बूथवाल्याला भाड्यानं देऊन तो बायकोला, जागृतीला, घेऊन पुण्याला गेला. रुक्मिणीबाईही गेल्या होत्या. तिसऱ्या मजल्यावरच्या गॅलरीत चार दिवस उभ्या राहिल्या आणि पाचव्या दिवशी परत आल्या.

आल्यावर त्यांनी परस साफ केलं. तिथं पूर्वी रिकाम्या खोक्यांचा ढीग असायचा. माती हाताला लागली तेव्हा ती काळी आणि गार होती. बांबू रोवून, तारा ताणून त्यांनी मांडव केला. एका बाजूनं दोडका चढवला, दुसरीकडून घोसाळं. भिंतीकडेला कारली, मधल्या दोन वाफ्यांत भेंडी आणि गवार. बटाटा, कांदा, मुळा त्यांच्या घरात शिजत नव्हता, तसा परसातही आला नाही. औषध त्यांनी कधी मारलं नाही. पानावर अळी दिसली की ते पान अळीसकट खुडायचं आणि ओढ्याकाठच्या झुडपात ठेवून यायचं.

"शेठाणीबाईंच्या परसात अळ्या म्हायेरपणाला येत्यात," शेजारच्या सरूबाई भिंतीवरून म्हणायच्या. सरूबाईंची चार एकर बागायत होती, दारात म्हैस होती, आणि तोंड बंद ठेवायची सवय नव्हती. "आन् जाताना पोचवायला बाई सोता जात्यात."

"तुम्हाला चार दोडके देऊ?"

"द्या की. आमच्या घरात काय, भाजीनं पाय ठेवाया जागा न्हाई. पर द्या."

दोडक्याचं एक असतं. आज कोवळा दिसलेला उद्या जून होतो. खुडलं नाही तर वेल हात आखडतो. आपलं काम झालं असं समजून फुलं धरायचं सोडतो. म्हणून रुक्मिणीबाई रोज खुडत, आणि खुडलेलं रोज शिजवत. पातेलं तेच जुनं, पाच माणसांच्या स्वयंपाकाचं. हातानं मीठ टाकायचं माप तेच, तेलाची धार तीच. कल्पेशचा फोन रविवारी येई. त्यात आईला, त्यांच्या घरच्या बोलीत बाईला, एक वाक्य ठरलेलं असे : "बाई, एसटीनं भाजी पाठवू नकोस हं. इथं दारात हातगाडी येते."

त्या वर्षी, दोन हजार एक साली, गावच्या जैन स्थानकात चार महासतीजींचा, म्हणजे साध्वींचा, चातुर्मास होता. रुक्मिणीबाईंच्या मनात एकच होतं. आपल्या परसातल्या भाजीचा एक चमचा त्यांच्या भिक्षेच्या पातऱ्यात पडावा. पुनमचंदजी असताना साध्वी गोचरीला, भिक्षेला, हमखास या घरी येत. आता पेठेतली बाकीची घरं भरलेली होती, हे घर मधेच मुकं होतं. इथं बनलेलं अन्न कुणाच्या तरी उपयोगी पडतं, एवढं त्यांना एकदा पाहायचं होतं.

पण गोचरीला बोलावता येत नाही. साध्वी कधी, कुणाकडं येतील ते सांगत नाहीत. घरच्यांनी घरच्यांसाठी केलेलं असेल त्यातलंच थोडं घेतात. त्यांच्यासाठी म्हणून केलेलं चालत नाही, त्यांना दिल्यावर कमी पडलं म्हणून पुन्हा शिजवलेलंही नाही. देणाऱ्याचा हात त्या वेळी कच्च्या, न उकळलेल्या पाण्याला, हिरव्या पानाला लागलेला असेल तर तेही चालत नाही.

आषाढातल्या एका सकाळी हाक आली तेव्हा रुक्मिणीबाई मांडवाखाली होत्या. आनंदानं त्या तशाच धावत पुढच्या दारी गेल्या. "मत्थएण वंदामि!" म्हणून वाकल्या आणि वाकताना त्यांना स्वतःचा हात दिसला. हातात देठासकट ओला दोडका होता.

दारातल्या दोघी साध्वींनीही तो पाहिला. धाकटीच्या तोंडावर बांधलेल्या मुहपत्तीच्या वर डोळे हसले.

"असूझतं झालं, बाई, आता घेता येणार नाही," मोठ्या म्हणाल्या. "दया पाळो." आणि पुढच्या घराकडं वळल्या.

भिंतीपलीकडून सरूबाईंनी विचारलं, "का गेल्या वं रिकाम्या?"

"माझ्या हातात दोडका होता."

"मंग? भाकरीसंगं दोडका लागतोच की."

त्यांना समजावत बसण्यात अर्थ नव्हता. दुसऱ्या दिवसापासून रुक्मिणीबाई दिवस उजाडताच खुडू लागल्या. आठाच्या आत भाजी शिजलेली, गॅस बंद, हात कोरडे. मग पुढचं दार उघडून उंबऱ्याच्या आत पाटावर बसायचं. एसटीडी बूथमधून लोकांचं मोठ्यानं बोलणं ऐकू यायचं. कुणी मुंबईतल्या भावाला पाऊस सांगत असे, कुणी बारसं सांगत असे. दुपार झाली की त्या उठत, एकट्या जेवत, उरलेली भाजी सरूबाईंकडं पोचवत.

नवव्या दिवशी, मंगळवारी, साध्वी आल्या. या वेळी सगळं नीट होतं. त्यांनी दोघींना आत नेलं, फुलक्याचा डबा उघडला, पातेल्यावरचं झाकण काढलं. घोसाळ्याची भाजी, वर ओलं खोबरं. पातेलं काठोकाठ होतं.

मोठ्या साध्वी पातेल्याकडं पाहत राहिल्या. मग त्यांनी स्वयंपाकघर पाहिलं. पालथी घातलेली एक ताटली. एक वाटी. एक पेला.

"घरात जेवणारे किती?"

"मी." मग त्यांना ते फारच थोडं वाटलं. "कल्पेश येतो कधी रविवारी."

"आज मंगळवार."

"हो."

"मग आमच्यासाठी केलीत, बाई."

"नाही महाराज! मी रोज एवढीच करते. विचारा हवं तर शेजारी."

ते खरं होतं. साध्वींनाही ते खरं वाटलं असावं, कारण त्यांचा आवाज आणखी खाली आला.

"मग कुणासाठी करता?"

रुक्मिणीबाईंनी उत्तर द्यायला तोंड उघडलं. पळी धरलेला हात तसाच राहिला. बूथमध्ये कुणीतरी "हॅलो, हॅलो, आवाज येतो का?" म्हणत होतं.

साध्वींनी अर्धा फुलका घेतला, भाजी घेतली नाही. "दया पाळो," म्हणाल्या आणि गेल्या. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं, असं रुक्मिणीबाईंना दिवसभर वाटत राहिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या मांडवाखाली गेल्या तेव्हा खुडण्याजोगे अकरा दोडके होते. त्यांनी एक खुडला. बाकीच्या दहांकडं पाठ करायला त्यांना वेळ लागला. घरात येऊन छोटी कढई काढली आणि तिथंच अडल्या. आपण एका वेळी किती भाजी खातो, हे त्यांना ठाऊकच नव्हतं. आजवर सगळ्यांना वाढून झाल्यावर कढईत राहील ती त्यांची, आणि अलीकडं वाटून उरेल ती त्यांची. पहिल्या दिवशी जास्त झाली, दुसऱ्या दिवशी कमी. तिसऱ्या दिवशी भाजी खारट झाली, कारण हात पाच माणसांचाच होता. आठवडाभरानं अंदाज आला. एक मध्यम दोडका, चमचाभर तेल, चिमटीनं मीठ. एवढीशी भाजी पाहून त्यांना लाज वाटली, जणू ती चोरून केली होती.

वेलावरचे दोडके जून झाले, तारेवर पिवळे होऊन लोंबू लागले. हळूहळू फुलं कमी झाली. वेलानं माणसं मोजली होती.

अशात एका दुपारी सरूबाई मागच्या दारानं आत आल्या. भिंतीवरून बोलणारी बाई पहिल्यांदाच आत आली होती.

"हायसा व्हय! मला वाटलं आजारी पडल्या. आठ दिस झाले, भाजी न्हाई, आवाज न्हाई."

"भाजी करतच नाही आता तेवढी. तुम्हाला कमी पडत असेल तर—"

"भाजीसाठनं आलेय व्हय मी?" सरूबाई पायरीवर टेकल्या. "शेठाणीबाई, आता खरं सांगू का? रागवायचं न्हाई. तुमची भाजी आमची म्हस खायची."

रुक्मिणीबाईंनी भिंतीपलीकडं पाहिलं. तीन वर्षांची भाजी होती ती.

"आवडायची तिला?"

"लई! मोहरीची फोडणी तर चाटून पुसून."

दोघी हसल्या. सरूबाई हसून थांबल्या तरी रुक्मिणीबाईंना हसू आवरेना, डोळ्यांत पाणी आलं. सरूबाईंनी ते पाहिलं आणि उगाच मांडवाकडं बघत, "कारली लई लागल्यात वं," म्हणाल्या. जरा वेळ बसून त्या उठल्या. जाताना त्यांनी काही नेलं नाही, रुक्मिणीबाईंनीही काही दिलं नाही.

पर्युषणाला दोन दिवस होते. एकदा ते सुरू झालं की आठ दिवस घरात हिरवं शिजणार नव्हतं. त्या सकाळी साध्वी आल्या तेव्हा रुक्मिणीबाई दारात वाट पाहत नव्हत्या. आत फुलके डब्यात घालत होत्या. हात कोरडे होते, गॅस बंद होता, ते आपोआपच.

"जेवणारे किती?"

"एक," रुक्मिणीबाई म्हणाल्या.

मोठ्या साध्वींनी कढईत पाहिलं. तळाशी दोडक्याची भाजी होती, वाटीभरही नसेल.

"यातून घेतलं तर तुम्हाला कमी पडेल, बाई."

"पडू दे महाराज. तेवढ्यासाठी पुन्हा करणार नाही मी. लाभ द्या."

साध्वींनी लाकडी पातरं पुढं केलं. रुक्मिणीबाईंनी चमचा भरला. तो पातऱ्यात रिता केला.

"बस," साध्वी म्हणाल्या.

त्या गेल्यावर रुक्मिणीबाईंनी ताट घेतलं. भाजी दुसऱ्या फुलक्यालाच संपली. तिसरा त्यांनी कोरडाच खाल्ला, सावकाश, नीट चावून. उठताना पोटात थोडी भूक राहिली होती. ती मोडायला त्यांनी फडताळ उघडलं नाही.