देवानं खोळ सोडली का?

रिक्षात पाय ठेवायच्या जागी रोज थोडी माती साचते. झाडली तरी दुसऱ्या दिवशी असतेच. सरांचे किस्से माझ्याकडं तसेच साचलेत. सर कन्नड साहित्याचा इतिहास लिहायचे आणि राहायचे आपल्या संभाजीनगरात. मी आठवीत शाळा सोडलेला रिक्षावाला. सहा वर्षं त्यांना गावोगावचे शिलालेख बघायला नेलं.

* * *

पहिल्या दिवशी भीत भीत विचारलं, "सर, आपल्याकडं कन्नड कसं?"

"दगड कोरणाऱ्याला सरहद्द कुणी सांगितली नव्हती रे."

मग म्हणाले, "तू घाबरट आहेस. रिक्षा हळू चालवतोस. उद्यापासून तूच ये."

* * *

लेखाचा ठसा घ्यायचा तर आधी दगड धुवायचा, मग ओला कागद चिकटवून ब्रशनं ठोकायचा. चितेगावजवळ एक बाई बघत थांबली.

"दगडावर धुणं धुतात, माहीत हाय. दगडच धुताना आज बघितला!"

सर लाजले. "ताई, घरी मला कपबशीसुद्धा धुता येत नाही."

* * *

पाचोडच्या पुढं धनगरवस्तीवर एक दगडाचा देव. अंगावर वीतभर शेंदूर, कडेला दोनच अक्षरं उघडी. सरांना वाटायचं, खाली एका हरवलेल्या कवीचं नाव आहे. त्याच्यावाचून त्यांचं शेवटचं प्रकरण अडलं होतं.

वस्तीवरचे म्हातारे भिवाबा म्हणाले, "खरवडा की. देव काय बोलत नाय."

"तुमच्या आज्यानं लावलेला शेंदूर मी काढू? देव आपण होऊन खोळ सोडील, तेव्हा वाचू."

शेंदराचा थर फार जाड झाला की कधीतरी आपोआप गळून पडतो, तीच खोळ.

भिवाबा हसले. "माझ्या बापाच्या हयातीत एकदाच सोडली, सर."

* * *

तेव्हापासून दर रविवारी सरांचा फोन. "भिवाबा, देवानं खोळ सोडली का?"

"नाय सर. तुमची तब्येत?"

"देवाच्या आधी माझीच सुटेल बहुतेक."

सर एकटेच हसले. शेजारी बसलेल्या त्यांच्या बायको, आमच्या काकू, उठून आत गेल्या.

* * *

दवाखान्यात उशाला त्यांची फाइल होती. शेवटच्या प्रकरणात एक पान कोरं. मी कधी पुढं होऊन बोलत नाही, त्या दिवशी बोललो.

"सर, मी एकटा जाऊन खरवडून येतो. कुणाला कळणार नाय."

त्यांनी माझं मनगट धरलं. "इतकी वर्षं शहाण्यासारखा थांबलो. आता चोरी शिकवतोस?"

* * *

सरांचं तेरावं झालं आणि दोन दिवसांनी भिवाबांचा फोन आला.

"सरांना घेऊन ये. सोडली."

फोनवर सांगणं जमलं नाही. "व्हय," म्हणालो आणि एकटाच गेलो.

दगड काळाभोर, स्वच्छ. चार ओळी अक्षरं. भिवाबा रिक्षाच्या मागच्या सीटकडं बघत राहिले. मग मी सांगितलं. ते खालीच बसले.

अक्षरांवरनं बोट फिरवत म्हणाले, "तुला येतं का वाचता?"

"नाय, बाबा."

खोळ पडली की त्याच दिवशी नवा शेंदूर चढवायची रीत. सुना तेलात शेंदूर कालवून ताट घेऊन उभ्या होत्या. भिवाबांनी ताट हातानं मागं सारलं.

"राहू द्या. वाचणारं माणूस येईस्तवर देव उघडाच राहील."