भाऊजींचा लांबचा मतदारसंघ

कुणाकडे कधीही काहीही न मागता सेहेचाळीस वर्षं सुखाने जगलेला माणूस पृथ्वीच्या पाठीवर एकच आहे आणि तो माझा दीर आहे. सख्खा नव्हे. नवऱ्याचा मावसभाऊ, त्याच्याहून दीड वर्षाने लहान, म्हणून माझे भाऊजी. ऋषिमुनीसुद्धा तपश्चर्या संपल्यावर देवाकडे वर मागायचे. भाऊजी त्या जागी असते तर त्यांनी देवाला बसायला पाट दिला असता, प्रवासात त्रास झाला का विचारलं असतं आणि "तुम्ही आलात यातच सगळं आलं" म्हणून दारापर्यंत पोचवून आले असते. माणूस नागपूरचा. डब्लिनच्या पश्चिमेला, क्लोनडॉकिनमध्ये, आमच्यापासून तीन गल्ल्या सोडून एकटा राहायचा आणि एका कंपनीचे डेटाबेस सांभाळायचा. भाजीत मीठ कमी पडलं तर भाऊजी मीठ मागत नसत. "आमच्या आईच्या हातून एकदा मीठ जास्त पडलं होतं, वहिनी," एवढं सांगून खिडकीबाहेर बघत बसत. मी काय ते ओळखून बरणी पुढे सरकवायची. दुसरी पोळी हवी असली की पहिली किती मऊ होती यावर बोलणं सुरू. वाढायला गेलं की "नाही, नाही, बास," तेही तीनदा. चौथ्यांदा पानात पडली की मुकाट्याने खायचे. आता मी पडले पुण्याची. दोनदा विचारलं म्हणजे डोक्यावरून पाणी, असं आमच्याकडचं मोजमाप. त्यामुळे पहिलं वर्षभर हा माणूस माझ्या घरून अर्धपोटी जात होता, हे मला फार उशिरा कळलं.

खरं तर आयर्लंड हा देश त्यांच्यासाठीच बनवलेला आहे. इथे चहा विचारला की पहिल्यांदा नाही म्हणायचं, दुसऱ्यांदा "आयम ग्रँड", म्हणजे मला काही नको, असं म्हणायचं आणि तिसऱ्यांदा "तुम्ही करतच असाल तर" असं म्हणून खुर्ची ओढायची. भाऊजींच्या शेजारी ब्रीडा नावाची सत्तरीची बाई राहते, ती या शास्त्रात त्यांची गुरू शोभेल. २०२०च्या वसंतात सगळं बंद झालं, तेव्हा ही दोघं आपापल्या अंगणात उभी राहून कुंपणावरून गप्पा मारायची. एकदा मध्ये भिंतीवर बिस्किटांचा डबा उघडा ठेवलेला. "आधी तुम्ही," "छे छे, आधी तुम्ही," असं चालू असताना पाऊस आला, बिस्किटांचा लगदा झाला, पण पहिलं बिस्कीट कुणी उचललं नाही. दोघंही नंतर मला म्हणाली की संध्याकाळ फार छान गेली.

भाऊजी पिंडानेच जुन्या वळणाचे. आम्ही भेट दिलेला मायक्रोवेव्ह त्यांनी किचनमधल्या प्रेसमध्ये, म्हणजे इथल्या भाषेत कपाटात, शालीत गुंडाळून ठेवला होता. "वस्तू चांगली आहे, पण अजून ओळख नाही झाली," म्हणायचे. राजकारणातही तसंच. मी नेमकी दुसऱ्या टोकाची. दर शनिवारी आमचं वाजायचं. मी तावातावाने बोलायची आणि ते शांतपणे म्हणायचे, "बदल होऊ द्या ना वहिनी, पण त्यानं आधी कळवून यावं." मग मी चिडून चहा टाकायला उठायची.

या माणसाला राजकारणात ओढलं प्रभ्याने. प्रभ्या म्हणजे नागपूरच्या शाळेत पहिलीपासून एका बाकावर बसलेला दोस्त. तो पंचवीस वर्षांपूर्वी अमेरिकेच्या मधोमध, मक्याच्या शेतांच्या एका राज्यात गेला, तिथे हार्डवेअरचं दुकान काढलं आणि तिथलाच झाला. २०२०मध्ये तो राज्याच्या विधानसभेसाठी उभा राहिला, तोही तिथल्या परंपरावाद्यांच्या पक्षाकडून. सरकार लहान असावं आणि गावचं जुनं वाचनालय पाडून तिथे पार्किंग होऊ नये, हा त्याचा जाहीरनामा. आपल्याकडे तिकीट वरून येतं. तिथे पक्षाचे मतदारच आधी आपसात मतदान करतात आणि त्यात जिंकेल त्याला तिकीट. त्यालाच प्रायमरी म्हणतात. तर या प्रायमरीसाठी प्रभ्याला फोन करणारी माणसं हवी होती. परदेशी माणसाने फुकट राबायला हरकत नाही, असा तिथला नियम निघाला आणि भाऊजी हरखून गेले. आम्हाला त्या दिवसांत घरापासून पाच किलोमीटरच्या पलीकडे जायची बंदी होती. भाऊजी मात्र ऑफिसचं काम आटोपून संध्याकाळी सहाला कानाला हेडफोन लावायचे आणि समुद्रापलीकडच्या मतदारसंघात घरोघर हिंडून यायचे.

तिथे तेव्हा दुपार असायची. त्यामुळे भाऊजींचा पहिला प्रश्न ठरलेला: "जेवलात का?" अमेरिकन मतदार गडबडायचा. काहींना वाटायचं हा डबे पोचवणारा आहे. पण जे फोन ठेवायचे नाहीत ते मग तासतासभर बोलायचे. लोरेन नावाची एक म्हातारी होती, तिच्या कुत्र्याचा गुडघा दुखायचा. भाऊजींनी त्याला हळदीचा लेप सांगितला. पुढे कुत्रा पिवळा झाला, पण चालायला लागला. कुणाच्या मुलीचं लग्न पुढे ढकललं होतं, कुणाचा मुलगा बोलत नव्हता. भाऊजींच्या वहीत सगळ्यांची नोंद. आम्ही कुंपणापाशी उभे राहून त्यांच्या तोंडून ऐकायचो. मला त्या पक्षाचं नावही नको वाटायचं, पण लोरेनच्या कुत्र्याची चौकशी मी रोज करायची.

आणि प्रायमरीतच प्रभ्या पडला. हाताच्या बोटांवर मोजता येतील इतक्या मतांनी पडला. दुसऱ्या दिवशी भाऊजींनी जड आवाजात लोरेनला फोन केला. "माझा मित्र हरला हो," म्हणाले.

"कुठला मित्र?" तिने विचारलं.

मग सगळं बाहेर आलं. चार महिन्यांत भाऊजींनी एकाही माणसाकडे मत मागितलं नव्हतं! लोरेनने मत दिलं होतं समोरच्या उमेदवाराला, कारण त्याची पाटी पेट्रोल पंपापाशी होती. तिला वाटत होतं, आयर्लंडमधल्या एकट्या माणसाला कुणीतरी सोबत करावी म्हणून तिच्या चर्चने ही फोनची योजना काढली आहे.

"अहो भाऊजी, पण मागितलं का नाही?" मी कपाळाला हात लावून विचारलं.

"पहिल्याच ओळखीत कसं मागायचं, वहिनी? बरं दिसतं का ते? माणसानं आपणहून ओळखावं ना."

झालं एवढं पुरे नव्हतं म्हणून या सत्यवादी माणसाने हे सगळं स्वतःच प्रभ्याला फोन करून सांगितलं. मग प्रभ्या म्हणाला, "अबे, चार महिने तू करून काय राहिला होता मग?" आणि त्याने फोन ठेवला. तो ठेवलाच. भाऊजी रोज सकाळी त्याला 'सुप्रभात' पाठवायचे. खाली दोन निळ्या खुणा उमटायच्या, म्हणजे वाचलेलं असायचं, पण उत्तर नाही. चाळीस वर्षांची दोस्ती त्या दोन निळ्या खुणांवर येऊन अडकली. भाऊजी तक्रार करणारे नव्हेतच. फक्त मीठ कमी पडलं तरी आईची गोष्ट सांगेनासे झाले, तशीच भाजी खायचे. ते बघून मला गलबलून यायचं.

त्या हिवाळ्याच्या तोंडाशी पुन्हा सगळं बंद झालं आणि सरकारने एक नियम काढला, एकटं राहणाऱ्या माणसाने कुठलंही एक घर आपलं म्हणून जोडून घ्यावं आणि तिथे खुशाल ये-जा करावी. भाऊजी आमच्या दारात लांब उभे राहिले आणि अर्धा तास नियमाची स्तुती करत बसले. "नियम चांगला काढला हां वहिनी. एक घर. विचारपूर्वक काढला." थंडीने नाक लाल झालं तरी पुढचं वाक्य काही येईना. शेवटी माझाच संयम सुटला. "भाऊजी, आत या आता. आजपासून आमच्यातच जेवायचं!" असं त्यांना अक्षरशः ओरडून सांगावं लागलं.

जानेवारीत प्रभ्याच्या बायकोचा मला फोन आला. निवडणुका संपल्यावर पक्षाची वॉर्डसमिती नव्याने निवडायची तिथली पद्धत. पक्षाचे मतदार एका जागी जमतात आणि हात वर करून प्रमुख निवडतात. वाचनालयाचं पुढे काय करायचं ते या समितीच्या शब्दावर बरंच ठरणार होतं. प्रभ्याने नाव दिलं होतं, पण त्याला स्वतःलाच खात्री नव्हती. "हरल्यापासून आपल्या नावाच्या पाट्या गॅरेजमध्ये रचून त्यांच्याकडे बघत बसतो," ती म्हणाली. "भाऊजींना सांगू नका हं." मी अर्थातच पाच मिनिटांत सांगितलं.

भाऊजी उठून उभे राहिले. "मी लोरेनबाईंना फोन करतो," म्हणाले, आणि परत बसले. "पण मागायचं कसं?"

मग माझ्या स्वयंपाकघरात शिकवणी सुरू झाली. ज्या पक्षाला मी झोपेतसुद्धा मत दिलं नसतं, त्याच्यासाठी हात वर कसे मागायचे हे मी पोळ्या लाटता लाटता शिकवत होते! मी लोरेन व्हायचं आणि भाऊजींनी मागायचं.

"लोरेनबाई, जेवलात का?"

"जेवले. पुढे?"

"कुत्रा कसा आहे?"

"कुत्रा मेला! काम बोला, भाऊजी!"

"अरेरे, कधी गेला?" म्हणून ते खरोखरच हळहळायला लागायचे. नवरा बाहेरच्या खोलीत हसून लोळत होता. चार दिवस हेच चाललं. एकदा सरावासाठी मी त्यांना ब्रीडाकडे कोथिंबीर मागायला पाठवलं, तर हे तिलाच आमच्याकडची वाटीभर सांबारवडी देऊन परत आले. कोथिंबिरीला नागपुरात सांबार म्हणतात. म्हणजे ज्या वस्तूसाठी पाठवलं तीच देऊन आले!

पाचव्या दिवशी त्यांनी खरा फोन लावला. मी शेजारी लाटणं घेऊन उभी. जेवण झालं, कुत्रा झाला, गुडघा झाला. मग भाऊजींनी डोळे मिटले आणि परीक्षेत उभं राहून उत्तर द्यावं तसे एका दमात म्हणाले, "लोरेनबाई, मला तुमच्याकडे एक काम आहे. शनिवारी माझ्या मित्रासाठी हात वर कराल का?" मी लाटणं घट्ट धरलं. मग स्पीकरवरून म्हातारीचं खणखणीत हसू आलं. "शेवटी एकदा मागितलंस! नऊ महिने फोन करतोस, पण तोंडाने काही मागशील तर शपथ. माणसाने काही मागितलंच नाही तर त्याला द्यायचं तरी काय?"

भाऊजींनी तिचे आभार मानले. मग वही उघडून त्यांनी पुढचा नंबर लावला. त्या आठवड्यात त्यांनी वहीतल्या एकूण एक माणसाकडे मागितलं.

शनिवारी आमच्या संध्याकाळच्या जेवणाच्या वेळी ती सभा होती. साथीमुळे सगळे शाळेच्या पार्किंगमध्ये आपापल्या गाडीत बसून राहिले होते आणि हात खिडकीतून बाहेर काढायचे होते. लोरेन तिच्या गोधड्या शिवणाऱ्या मैत्रिणींच्या सहा गाड्या घेऊन आली, हे नंतर समजलं. आमच्याकडे पानं वाढलेली, फोन मधोमध ठेवलेला, कुणाचं जेवणाकडे लक्ष नाही. भाऊजींनी पहिल्या पोळीचा एक तुकडा हातात धरला होता, तो हातातच. आणि फोन वाजला. प्रभ्या!

भाऊजींनी उचलला आणि स्पीकर लावला. निवडून आलो, आभार, चुकलो, असलं काही प्रभ्या म्हणाला नाही. म्हणाला, "अबे, जेवला का?"

"जेवून राहिलो," भाऊजी म्हणाले आणि त्यांनी बाहीने डोळे पुसले. मागून गाड्यांचे हॉर्न वाजत होते, त्यामुळे निकाल आम्हाला आपोआप कळला. मी ज्यांच्याशी आयुष्यभर भांडले त्या पक्षाच्या एका वॉर्डप्रमुखासाठी माझ्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि मला त्याची अजिबात लाज वाटत नव्हती.

फोन झाल्यावर भाऊजींनी हातातला तुकडा खाल्ला, उरलेली पोळी खाल्ली, ताट थोडं पुढे केलं आणि माझ्याकडे बघून सरळ म्हणाले, "वहिनी, अजून एक पोळी वाढा."

मी डबा उघडला. डब्यात पोळी नव्हती. सभेच्या धांदलीत, ते काही आपणहून मागणार नाहीत या हिशेबाने, मी त्या दिवशी मोजक्याच केल्या होत्या. इतक्या वर्षांत त्यांनी पहिल्यांदा माझ्याकडे काही मागितलं आणि माझा डबा रिकामा! "थांबा भाऊजी," म्हणून मी कणीक भिजवायला घेतली. आणि भाऊजी खरंच थांबले. "राहू द्या" म्हणाले नाहीत, एकदाही नाही. दोन पोळ्या गरमागरम खाल्ल्या त्यांनी.

२०२१च्या उन्हाळ्यात भाऊजी देशाच्या पार दुसऱ्या किनाऱ्याला, स्लायगोला गेले. तिथल्या हॉस्पिटलात कॉम्प्युटरचं काम मिळालं. ब्रीडा अजून त्या भिंतीपाशी उभी दिसते, माझ्याशी बोलते, पण माझ्याबरोबर तिला तेवढी मजा येत नाही. मी पहिल्याच झटक्यात बिस्कीट उचलते ना. वाचनालय शाबूत आहे, कुत्राही आहे, आणि प्रभ्याचं सुप्रभात आता भाऊजींच्या आधी येतं. भाऊजी दर रविवारी फोन करतात, जेवलात का विचारतात, आणि इकडे येणं मात्र दोन-तीन महिन्यांतून एकदाच होतं. तरी रविवारी मी दोन पोळ्या जास्तीच्या लाटते. नवरा म्हणतो, उगाच कशाला, उद्या शिळ्याच खायच्या ना. खातो आम्ही शिळ्या. पण भाऊजी कधी अचानक दारात उभे राहिले आणि त्यांनी पुन्हा मागितलंच, तर डबा रिकामा असायला नको.