फ्लॉपीवरची टिकली

चाळीसगावच्या मित्राने फुकट दिलेली अँटीव्हायरसची फ्लॉपी मी आमच्या कापसाच्या जिनिंगच्या ऑफिसातल्या संगणकात घातली. पडद्यावर लाल अक्षरांत व्हायरस सापडल्याचा इशारा आला, तेव्हा मी घाबरून वायर उपटली आणि संगणक चादरीत गुंडाळून जळगावच्या एका कॉम्प्युटर क्लासवर नेला.

तिथे शिकवणाऱ्या बाई सगळ्यांना चपला बाहेर काढायला लावत आणि वैतागल्या की अहिराणीत बोलत. त्यांनी तो इशारा पुरता वाचलाही नाही. "हाई बठ्ठं खोटं शे," म्हणाल्या, म्हणजे हे सगळंच खोटं. "खरा व्हायरस सांगीसन येत नही."

मग त्यांनी खऱ्या अँटीव्हायरसची फ्लॉपी मला दिली. फ्लॉपीच्या कडेची खाच झाकली की तिच्यात व्हायरस शिरत नाही. पण चिकटपट्टी संपली होती. बाईंनी सहज कपाळावरची टिकली काढून खाचेवर दाबली आणि पुन्हा शिकवायला वळल्या.

त्यानंतर आमच्या संगणकावर तो लाल इशारा फारच वेळा येऊ लागला. मी चादर घेऊन हजर. "परत तेच?" एवढंच त्या विचारत, आणि मला तेवढं पुरत असे.

टिकलीची फ्लॉपी अजून माझ्याकडे आहे. ती वाचणारं यंत्र आता कुठे मिळत नाही. टिकलीचा रंग उडाला, पण ती सुटलेली नाही.

लग्न ठरून बाई धुळ्याला निघाल्या, त्या दिवशीही मी क्लासमध्ये चादर सोडत होतो. विचारलं, "बाई, पुन्हा इशारा आला तर धुळ्याला आणू का?"

चपला घालता घालता त्या म्हणाल्या, "कशाले, भाऊ? ती खोटी फ्लॉपी तुम्हीच मुद्दाम घालतस, हाई बठ्ठा क्लासले माहीत शे."