उजवीकडची ओढ

अंबरनाथहून बदलापूरकडे जाताना कारखाने विरळ होऊ लागतात, तिथे राजेंद्रची पत्र्याची शेड आहे. आत एक रॅम्प, एक कॉम्प्युटर आणि भिंतीला लागून वाळू भरून शिवलेल्या पिशव्या. पहिल्यांदा येणारा हमखास विचारतो, "काय राजूभाऊ, स्लॅब टाकताय का?"

राजेंद्र मूळचा चामटोलीचा. आयटीआय झाल्यावर अकरा वर्षं उल्हासनगरात एका सिंधी शेठच्या टायरच्या दुकानात चाकांचं अलाइनमेंट करत होता. शेठ वैतागायचा, "राजू, एवढ्या वेळात मी तीन गाड्या सोडल्या असत्या." तेव्हाही त्याचा हात सावकाशच होता. पुढे स्वतःची शेड टाकल्यावर त्याच्याकडे वेगळी गिऱ्हाइकं यायला लागली. गाडी खाली बसवलेली, टायर रुंद केलेले आणि वळणाचा नाद लागलेला, अशी पोरं. त्यांच्या एका गाडीला तो अख्खी सकाळ देतो.

त्याची एक पद्धत आहे. चालवणारा बसला की त्याच्या बाजूची स्प्रिंग दबते आणि चाकाचा कल बदलतो. फरक अंशाच्या छोट्याशा भागाचा असतो, पण जोरात वळताना तो हाताला कळतो. म्हणून राजेंद्र रिकाम्या गाडीला पाना लावत नाही. चालवणाऱ्याच्या वजनाइतक्या पिशव्या सीटवर रचतो आणि मगच चाकं लावतो.

एप्रिलमध्ये मांजर्लीचा विकास आला होता. बत्तीस वर्षांचा, गोल चेहऱ्याचा, तोंडाने सतत चालू.

"वजन?" राजेंद्रने विचारलं.

"अठ्ठ्याऐंशी."

"काट्यावर ये."

काटा शहाण्णववर थांबला.

"बूट जड आहेत, भाऊ."

"आठ किलोचे बूट? नाल ठोकलेत का रे?"

विकास इतका हसला की काट्याचा आकडा नाचायला लागला. दुपारी लाल गाडी घेऊन बारवी धरणाच्या रस्त्याला जाऊन आला आणि शेडसमोर उतरून म्हणाला, "भाऊ, अंगात घातल्यासारखी झाली."

जुलैत उल्हास नदी मांजर्लीत शिरली. विकासने पहाटेच गाडी पुलाच्या चढावर नेऊन लावली आणि कमरेएवढ्या पाण्यातून घरी परतला. टाचेला कशाने तरी कापलं होतं. पाणी ओसरलं, घर धुऊन झालं आणि मग ताप आला. तपासणीत लेप्टोस्पायरोसिस निघाला. नवव्या दिवशी तो गेला. गाडीला पाण्याचा थेंबही लागला नव्हता.

ऑक्टोबरात ती गाडी शेडसमोर थांबली आणि तिच्यातून रोहिणी उतरली, विकासची बायको. राजेंद्रने तिला एकदाच, तेराव्याला पाहिलं होतं.

"भाऊ, गाडी ओढते. उजवीकडे. मागच्या शुक्रवारी डिव्हायडरला घासता घासता वाचलो."

"वाचलो म्हणजे? बरोबर कोण होतं?"

"आई. सासूबाई. आठवड्यातून दोनदा उल्हासनगरला डायलिसिस असतं, मीच नेते. रिक्षाचे दणके आता सोसत नाहीत त्यांना." ती थोडी थांबली. "आईंना मी इथे आल्याचं माहीत नाही. त्या म्हणतात, तो ओढतोय, ओढू दे. तुला काय त्रास?"

राजेंद्रने पुढच्या चाकांकडे पाहिलं.

"आणि भाऊ, मी एकटी असले की थोडी ओढते. आई शेजारी बसल्या की जास्त. त्या म्हणतात, आईला ओळखतोय."

राजेंद्र किल्ली घेऊन एकटाच गेला. आपल्याकडे रस्ता मधे उंच आणि कडेला उतरता असतो, पाणी वाहून जावं म्हणून. स्टीअरिंग सोडलं की कुठलीही धड गाडी सरळ जाते, नाहीतर हळूहळू डावीकडे. त्याने सरळ पट्ट्यावर हात सोडले. गाडी उजवीकडे गेली. घाईने नाही. शेजारच्याने कोपराला धरून बाजूला घ्यावं तशी. त्याने पुन्हा हात सोडले. पुन्हा तेच.

परत येऊन त्याने हवा तपासली. पुढची चाकं डावी-उजवी बदलून पाहिली. ब्रेक चिकटतोय का ते पाहिलं. सगळं जागेवर होतं. मग गाडी रॅम्पवर घेतली. स्क्रीनवर उजव्या पुढच्या चाकाचा कल लाल रंगात आला. पान्याच्या खुणा त्याच्याच होत्या. दुसऱ्या कुणी हात लावलेला नव्हता. मग त्याने मशीनमध्ये गाडीचा नंबर टाकला. एप्रिलची नोंद उघडली. वजन: शहाण्णव.

तो भिंतीपाशी गेला. पिशव्या उचलून चालकाच्या सीटवर रचू लागला. दहा किलोच्या नऊ, पाचची एक, एक किलोची एक. गाडी उजव्या अंगाला जराशी खाली बसली आणि सीट करकरली. रोहिणी स्टुलावरून उठून उभी राहिली. हा आवाज तिच्या ओळखीचा होता. सकाळी ती दारात उभी असायची आणि विकास गाडीत बसला की तो ऐकू यायचा.

स्क्रीनवर सगळे आकडे हिरवे झाले.

"मी यात विकासला बसवून चाकं लावली होती, वहिनी," राजेंद्र हळू म्हणाला. "तुमचं वजन?"

"एकावन्न."

"पंचेचाळीस किलो कमी झाले. उजवी बाजू वर उचलली गेली, त्या चाकाचा कल सुटला. आई डावीकडे बसल्या की उजवी बाजू आणखी हलकी पडते."

"म्हणजे तोच ओढतोय."

"तो नाही. तो नाहीये, म्हणून ओढते."

रोहिणीने पिशव्यांकडे पाहिलं. सर्वांत वरची थोडी कलली होती, तिने ती सरळ केली. "ओढ अर्धीच काढता येईल का?" तिने विचारलं. "आईंना कळेल एवढी ठेवायची. मी सांभाळेन."

"पाऊस असेल, समोरून ट्रक येत असेल, तेव्हा?"

"सांभाळेन म्हटलं ना!" ती ओरडली. मग खाली बघून म्हणाली, "आईंपुरतं नाही, भाऊ. मलाही..."

राजेंद्र पाना हातात धरून उभा होता. आजवर गिऱ्हाइकाने मागितलेलं माप त्याने कधी नाकारलं नव्हतं. "मला नाही जमणार," तो म्हणाला. "उद्या काही झालं तर माझ्या हातून दोघी जातील."

शेवटी तिनेच पिशव्या उतरवायला सुरुवात केली. एकेक करून, छातीशी धरून. सीट रिकामी झाल्यावर स्वतः आत बसली. "माझ्याऐवजी वाळू नको. मी बसते."

"बरं. आईंचं वजन?"

"जाताना त्रेचाळीस, येताना एकेचाळीस. डायलिसिसमध्ये दोन किलो पाणी काढतात."

राजेंद्रने डाव्या सीटवर बेचाळीस किलो ठेवले आणि खाली उतरला. पाऊण तास तो चाकापाशी होता. वर ती कुणाशी तरी अगदी हलक्या आवाजात बोलत होती. फोन बाहेर स्टुलावर पडला होता. त्याने मान वर केली नाही, पान्याचा आवाजही होऊ दिला नाही.

"चालवून बघा," तो म्हणाला. "मी बसलो तर माप बिघडेल."

तो रस्त्याच्या कडेला जाऊन उभा राहिला. गाडी दूरवर वळली आणि परत येऊ लागली. जवळ आली तेव्हा त्याला काचेतून दिसलं, तिने दोन्ही हात स्टीअरिंगवरून उचलून खांद्यापाशी धरले होते. गाडी सरळ येत होती. ती वाट बघत होती. शेडच्या बरीच पुढे जाईपर्यंत तिने हात खाली घेतले नाहीत.

परत आल्यावर काच खाली करून ती म्हणाली, "गेला."

मंगळवारी सकाळी, डायलिसिसला जायच्या वेळी, राजेंद्रचा फोन वाजला. रोहिणीचा नंबर, पण आवाज म्हातारीचा, दमलेला.

"तूच का रे तो राजेंद्र?"

"हो, मावशी."

"माझ्या पोराला काढलास ना रे गाडीतून?"

"गाडी सरळ केली, मावशी," तो कसाबसा म्हणाला.

"सरळ केलीस." फोन तसाच चालू राहिला. पलीकडे गाडीचा इंडिकेटर टिकटिकत होता. मग रोहिणीचा आवाज आला, "आई, हात काढा. स्टीअरिंगवरचा हात काढा, आई. मला चालवू द्या."