काकूंच्या दोन चळती

ब्लाउजपीसचं कापड चिमटीत धरलं की काकू देणारीची लायकी सांगायच्या. "हा पोस्टातल्या बाईंचा. पहिल्या धुण्यात रंग सोडणार," असं म्हणून तो तुकडा कपाटातल्या डाव्या चळतीवर जायचा. उजवी चळत ठेवायची, डावी द्यायची. लोहाऱ्यात हळदीकुंकवाला ओटीत आलेले असे तुकडे वर्षानुवर्षं एका ओटीतून दुसऱ्या ओटीत फिरत राहतात. ते कुणी शिवत नाही, दुकानाची चिठ्ठीसुद्धा कुणी काढत नाही. या फिरत्या कापडाला आमच्याकडे मान म्हणतात.

काकूंचे यजमान तहसील कचेरीत अव्वल कारकून. काकूंचं माहेर तुळजापूरचं, पुजाऱ्यांचं. ते त्या दिवसातून तीनदा सांगायच्या, दूधवाल्यालाही सांगायच्या. माझी आई त्यांच्याकडे धुणंभांडी करायची. आम्ही मेंढरंवाले, गावाबाहेर माळावर आमची वस्ती. आई काकूंपेक्षा तीन वर्षांनी मोठी होती, तरी ती त्यांना 'काकू' आणि 'तुमी' म्हणायची, आणि त्या तिला 'मुक्ता' आणि 'तू'. "मुक्ता आमच्या घरचीच आहे," हे काकूंचं आवडतं वाक्य. घरचीच म्हणून तिला सुट्टी नसायची. घरचीच म्हणून ती सगळ्यांच्या मागून जेवायची. आणि घरचीच म्हणून संक्रांतीला सगळ्या बायका गेल्यावर, कपबशा विसळून झाल्या की, डाव्या चळतीतला सगळ्यात तळचा तुकडा तिच्या ओटीत पडायचा.

दुपारी मात्र या दोघींचं वेगळंच असायचं. तुरीच्या शेंगा सोलायला बसल्या की काकू पाटावर आणि आई फरशीवर. त्या चार बोटं उंचीवरून काकू आईला सगळं सांगायच्या. पुण्याची सून फोनवर 'हं'च्या पुढं बोलत नाही. नवरा जेवताना मान वर करत नाही. डॉक्टरांनी पिशवी काढायला सांगितलीय आणि भीती वाटते. ऑपरेशनच्या वेळी धाराशिवच्या दवाखान्यात आठ दिवस उशाशी आईच बसली होती. मानाच्या बायका एकदा येऊन मोसंबी ठेवून गेल्या, तेवढंच. मला काकूंचा संताप यायचा. पण आईला दुसऱ्या कुणाजवळ इतकं मोकळं हसताना मी पाहिलेलं नाही, हेही खरं. मला बी.ए.ला घालायला आईला काकूंनीच भरीस पाडलं, तेही सांगून टाकते, नाहीतर पाप लागेल. अर्थात ते त्यांनी मला कधी विसरू दिलं नाही.

मी दुसऱ्या वर्षाला होते, त्या संक्रांतीची गोष्ट. काकूंच्या उजव्या डोळ्यात मोतीबिंदू पिकला होता आणि त्या तो कबूल करत नव्हत्या. चळती लावायला त्यांनी मलाच बसवलं होतं, त्यामुळं कुठं काय आहे ते मला पाठ होतं. उजव्या चळतीत वरच एक जांभळा इरकली खण होता, अस्सल, सोलापूरच्या बहिणीनं दिलेला. तो सुनेसाठी ठेवलेला. संध्याकाळी सगळ्या बायका गेल्यावर काकूंनी चिमटी न लावताच, डावी समजून उजव्या चळतीत हात घातला आणि तो खण आईच्या ओटीत गेला. मी पाहिलं आणि गप्प बसले.

घरी आल्यावर आईनं तो मांडीवर पसरला आणि त्याच्यावरून हात फिरवत राहिली. "बघ, काकूनं काय दिलंय," एवढंच म्हणाली. मला भरून आलं. वीस वर्षांनी का होईना, आपल्याला त्या बाईनं माणसात धरलं असं तिला वाटतंय, हे मला दिसत होतं. ते एका आंधळ्या डोळ्यामुळं झालं, हे मी तिला मरेपर्यंत सांगणार नव्हते. दुसऱ्याच दिवशी तिनं खण शिवायला टाकला.

आठवडाभरानं काकूंनी मला दारातच गाठलं. "अगं, तो जांभळा खण चुकून गेला बघ. आईला तसं म्हणू नकोस, तिला वाईट वाटेल. नुसता घेऊन ये. मी बदली दोन देते." दोन म्हणजे कुठल्या चळतीतले, ते मला विचारायची गरज नव्हती.

"ओटीतलं परत मागतात का काकू? तुळजापुरात तशी रीत आहे?"

"माझ्या माहेरावर जाऊ नकोस. मीच येते मग."

आणि खरंच आल्या. वीस वर्षांत पहिल्यांदा आमच्या वस्तीवर. पायाला माळाची धूळ, नाकाला पदर. आईनं बाजेवर नवं घोंगडं अंथरलं, शेळीच्या दुधाचा चहा केला, त्यात मूठभर साखर घातली. काकू इकडंतिकडं बघत खण शोधत होत्या. तेवढ्यात आई आत जाऊन कुंकवाचा करंडा घेऊन बाहेर आली. अंगात आता त्याच खणाची जांभळी चोळी.

"तुमी पैल्यांदाच आलाव. रिकाम्या वटीनं कशा जाताव?" असं म्हणून तिनं काकूंना कुंकू लावलं. ओटीत तांदूळ घातले, खोबऱ्याची वाटी घातली आणि वर एक हिरवा ब्लाउजपीस ठेवला. त्याच्यावरची चिठ्ठी पिवळी पडली होती. काकूंनी सवयीनं तो चिमटीत धरला. कुणाचा ते मात्र सांगितलं नाही. "चहा गोड झालाय गं," म्हणाल्या आणि उठल्या. मी मान खाली घातली. आपल्या भोळ्या आईनं त्यांचाच तुकडा त्यांनाच दिला, याची मला लाज वाटत होती.

दोन वर्षांनी काका रिटायर झाले आणि मुलानं दोघांना पुण्याला न्यायला गाडी पाठवली. काकू आईच्या गळ्यात पडून रडल्या. "मुक्ता, मला कोण आहे गं तुझ्याशिवाय?" शेजारणींनीही डोळ्यांना पदर लावले. आई नुसती त्यांच्या पाठीवरून हात फिरवत उभी होती. वीसबावीस वर्षं राबवून घेऊन शेवटी गळा काढायचा, हे मला काही पाहवेना. घरी आल्या आल्या मी बोलून गेले.

"एवढं मनाला लावून घेऊ नको आई. तो खणसुद्धा तुला चुकून दिला होता तिनं."

"म्हाईत हाय."

"कधीपासून?"

"वटीत पडला तवाच. सुनेचा खण मला कशाला दील ती? म्हून तर दुसऱ्याच दिशी शिवायला टाकला. शिवल्यावर कसा मागंल?"

"मग तो हिरवा तुकडा?"

"तिचाच व्हता की. लई दिवस पडून व्हता."

"आणि तरी तिच्याकडं कामाला जात राहिलीस? एका शब्दानं काही बोलली नाहीस?"

"काय बोलायचं? मैतरीण व्हती माजी. तिला तोंडावर पाडून मला काय मिळालं असतं?"

मैत्रीण. काकूंनी हा शब्द तिच्यासाठी कधी वापरला नव्हता. आईनं तो काकूंना विचारून घेतला नव्हता. आई भिंतीला टेकून खाली बसली. गाडीपाशी एक टिपूस न काढलेली ती, तेव्हा कुठं रडायला लागली.