तिच्यावर लक्ष ठेव हं

"एवढं शिकून शेवटी रेक्टरबाईच झाली का ही?"

आत्यानं हे बाबांना विचारलं होतं, मला नाही. मी लिफ्टमध्ये दोन बॅगांच्या मध्ये उभी होते आणि दार अजून बंद झालं नव्हतं. आई बाहेरूनच म्हणाली, "रेक्टर नाही हो वन्सं, असिस्टंट." आपण लेकीची बाजू घेतली असं तिला मनापासून वाटलं असणार. दार बंद झालं आणि मी आरशात बघत खाली आले.

नाशिकहून मी दुसऱ्यांदा निघत होते. पहिल्यांदा एम.एस्सी.ला निघाले तेव्हा सगळा जिना रडला होता. दुसऱ्या वेळी कोणी रडलं नाही. मी पीएच.डी.ला चालले होते, आणि मँचेस्टरच्या एका विद्यार्थी निवासात रेसिडेन्शियल असिस्टंट म्हणून माझी निवड झाली होती. म्हणजे मी त्याच इमारतीत राहायचं आणि पहिल्या वर्षाच्या मुलामुलींची काळजी घ्यायची. गाडीत बसताना आई म्हणाली, "माणसं सांभाळायची म्हणजे आधी ती जेवली का ते बघायचं." ट्रेनिंगमध्ये दोन दिवस बरंच काही शिकवलं, पण याहून उपयोगी काही आठवत नाही.

माझ्याकडे दोन मजले आहेत, चौतीस दारं, सहा किचन. दर आठवड्याला प्रत्येक किचनमध्ये जायचं, कसं चाललंय विचारायचं, कोण बरेच दिवस दिसलं नाही ते लक्षात ठेवायचं. किल्ली खोलीत विसरून टॉवेलवर बाहेर उभ्या असलेल्या मुलाला दार उघडून द्यायचं आणि दुसरीकडे बघायचं. कोणाचं दूध कोणी प्यायलं यावरची भांडणं मिटवायची. फायर अलार्म वाजला की सगळ्यांना पार्किंगमध्ये उभं करायचं, आणि तो टोस्टमुळे वाजला होता हे जळका टोस्ट हातात घेतलेल्या मुलाला जाहीर सांगायचं नाही.

या कामाचा त्रास असा की आपण राहतो तिथेच कामावर असतो. नाइट सूटमध्ये कचरा टाकायला गेलं तरी कोणीतरी हीटर बंद पडल्याचं सांगतं. सगळ्यांशी ओळख असते आणि कोणाच्याच पार्टीला बोलावणं नसतं. मी किचनमध्ये शिरले की आवाज एक पट्टी खाली येतो. शाळेत मॉनिटर झालेल्या मुलीला हे माहीत असतं. मी कधी मॉनिटर नव्हते, त्यामुळे नवीन होतं.

आणि तरीही मला हे काम आवडतं. लाजणाऱ्या माणसाला दुसऱ्याचं दार वाजवायला कारण लागतं. इथे एम.एस्सी.च्या वर्षी मला ते कारण कधी सापडलंच नाही. शेजारच्या खोलीतली मुलगी रोज संध्याकाळी कॅसेट लावल्यासारखी एकाच वेळी हसायची आणि तिचं नाव विचारायचं राहून राहून ती कोर्स संपवून गेली. आता गळ्यात बॅज असतो. बॅज घातला की मी चौतीस दारं वाजवू शकते.

सप्टेंबरमधल्या एका रविवारी मुलं राहायला आली. गाड्यांच्या डिक्यांमधून उश्या, कुकर, कुंड्या उतरत होत्या. त्यात वॉटफर्डहून आलेलं एक कुटुंब होतं. सई नावाची मुलगी, डेंटिस्ट्रीला, जन्म इथलाच. तिची आई एका हॉस्पिटलमध्ये भूलतज्ज्ञ. त्यांनी माझ्या बॅजवरचं आडनाव वाचलं आणि हातातली बादली खाली ठेवली.

"अगं, तू आपली आहेस. कुठली?"

"नाशिक."

"माझं माहेर सिन्नर. सई, ही ताई बघ. बाळा, तुझा नंबर दे. ऑफिसचा नको गं तो, तुझा."

सई माझ्याकडे बघून पुटपुटली, "सॉरी. माझी आई सगळ्यांचे नंबर घेते."

मी नंबर दिला. ट्रेनिंगमध्ये याच प्रश्नाला मी बरोबर उत्तर दिलं होतं. विद्यार्थी अठरा वर्षांचा आहे, त्याच्या परवानगीशिवाय पालकांना काही सांगायचं नाही, स्वतःचा नंबर तर द्यायचाच नाही. पण प्रश्न इंग्रजीत होता. काकू समोर उभ्या राहून हात पुढे करतात तेव्हा तो प्रश्न आठवत नाही. निघताना त्यांनी माझ्या गालाला हात लावला. "एकटी लेक आहे. तिच्यावर लक्ष ठेव हं."

दर रविवारी त्यांचा मेसेज यायचा. आधी माझी चौकशी, मग एक फूल, मग "आमची कशी आहे?" मी लिहायचे, बरी आहे काकू, काल पास्ता करत होती. किंवा, आज लाल स्वेटर घातला होता, छान दिसत होती. त्या लगेच उत्तर द्यायच्या, "तो मीच घेतलेला." मला बरं वाटायचं. इंग्रजीत याला माहिती पुरवणं म्हणाले असते. मराठीत ती विचारपूस होती, आणि विचारपूस करणाऱ्या मोठ्या माणसाला उत्तर न देणं हा उद्धटपणा.

नोव्हेंबरमध्ये सई थोडी गप्प झाली. मी लक्ष ठेवायचे, म्हणून मला दिसत होतं. त्या रविवारी मी काकूंना लिहिलं, हल्ली दुपारी खोलीत आराम करते, थंडी वाढलीये ना. मला ते प्रेमळ वाटलं होतं. पण काकूंना तिचं टाइमटेबल पाठ होतं. दुपारी प्रॅक्टिकल असतात हे मला माहीत नव्हतं, त्यांना होतं.

पुढच्या शनिवारी आई-वडील दोघं न सांगता आले. मी दुसऱ्या मजल्यावरच्या किचनमध्ये नोटीस लावत होते. खाली गाडीचं दार लागल्याचा आवाज आला, मग सईच्या खोलीत बराच वेळ बोलणं. शब्द कळत नव्हते. ते गेल्यावर सई किचनमध्ये आली, केटल भरली, चालूच केली नाही.

"तू सांगितलंस ना आईला?"

"मी फक्त... तू आराम करतेस एवढंच."

"यू आर नॉट माय ताई," ती अगदी हळू म्हणाली. "तू आईचा सीसीटीव्ही आहेस."

किचनमध्ये आणखी दोघं होते. त्यांना अर्धं कळलं असेल. मी नोटीसची चौथी पिन लावली आणि निघून आले.

त्यानंतर सईचं दार उघडेना. मी वाजवलं की आतून "आय ॲम फाइन" यायचं, आवाजात कसलाही राग नसायचा, आणि तेच जास्त लागायचं. ती लेक्चर्सना जात नव्हती, किचनमध्ये येत नव्हती, आणि जिच्याकडे तिनं यायला हवं होतं ती मीच होते. माझी बॉस हेलन, इमारतीची जबाबदारी असलेली, तिला मी सगळं सांगितलं. नंबर, लाल स्वेटर, सगळं. मला वाटलं काम जाईल. तिनं शांतपणे ऐकलं, सईला भेटायला एका सल्लागाराला पाठवते म्हणाली, आणि मग म्हणाली, "तुला दोन गोष्टी कराव्या लागतील. मुलीची माफी, आणि आईला नकार. कुठली अवघड आहे?"

"आई," मी म्हणाले.

हेलन हसली. तिला वाटलं मी विनोद केला.

त्या आठवड्यात मी माझ्या मावशीचा विचार करत होते. मावशी म्हणजे आईची कॉलेजातली मैत्रीण, याच देशात, बेसिंगस्टोकला असते. दर बुधवारी मला फोन करते आणि गुरुवारी नाशिकला माझ्या सर्दीवर काढा सुचवला जातो. मला याचा कधी राग आला नाही. उलट इतक्या लांब कोणीतरी आपल्या सर्दीची बातमी पुढे नेतंय, याची ऊब वाटायची. पण पहिल्या हिवाळ्यात मी सलग अकरा दिवस, दुकानातलं थँक यू सोडलं तर, कोणाशी बोलले नव्हते. तेव्हाही मावशीला मी सर्दीच सांगितली होती. जे पुढे जाणार आहे ते आपण निवडून सांगतो. ज्यांनी माझ्यावर सगळ्यात जास्त लक्ष ठेवलं त्यांना मी सगळ्यात कमी सांगितलं. आई, तू हे वाचशील. रागावू नकोस, आणि मावशीला फोन करू नकोस.

माफी मी लिहून सईच्या दाराखालून सरकवली. तोंडाने मागायला जमली नसती. इंग्रजीत लिहिली, कारण मला शाळेपासून मनातलं इंग्रजीतच लिहायची सवय आहे. मराठी मी घरात बोलायला आणि गप्प बसायला वापरते. लिहिलं की मी चुकले, नंबर देणंही चूक होती, आणि यापुढे तू सांगितलेलं माझ्या खोलीतून बाहेर जाणार नाही. ट्रेनिंगमध्ये शिकवलेली एक ओळही जोडली, की जिवाला धोका असेल तर मात्र मला गप्प राहता येणार नाही. न जोडता वचन दिलं असतं तर ते पुन्हा खोटंच झालं असतं.

बुधवारी पाच ते सहा माझं दार उघडं असतं. कोणीही यावं म्हणून. सहसा कोणी येत नाही, मी बिस्किटं मांडून बसते आणि पावणेसहाला स्वतः खायला लागते. डिसेंबरच्या पहिल्या बुधवारी सई आली. उभ्यानेच दोन बिस्किटं खाल्ली.

"जेवलीस का?" मी विचारलं.

"हे आईला कळवणार?"

"नाही."

मग ती बसली. तिला डेंटिस्ट्री सोडायची होती. आजारी नव्हती, घाबरलेली नव्हती, नुसतं तिथे तिचं मन नव्हतं. सल्लागाराशी बोलणं झालं होतं, ट्यूटरशीही. पुढच्या सप्टेंबरपासून भूगोल. ॲडमिशन मिळाली तेव्हा वॉटफर्डला हॉल घेऊन जेवण दिलं होतं, एवढंच तिला परत परत आठवत होतं. "ख्रिसमसला घरी गेले की मी सांगेन. मीच. तू नाही."

"मी नाही," मी म्हणाले.

ती गेल्यावर मी बराच वेळ दार लावलं नाही. आत्याला वाटलं होतं तशी मी रेक्टर नाही. किल्ल्या माझ्याकडे आहेत, पण उघडायचं की नाही ते आतला माणूस ठरवतो. नाशिकच्या घरात माझ्या खोलीला कडी नव्हती आणि मला ती कधी हवीशीही वाटली नाही. दाराबाहेर सगळी आपलीच माणसं होती. इथे प्रत्येक दाराला कुलूप आहे आणि मला आता तेही आपलंसं वाटतं. आज घर म्हणजे काय असं कोणी विचारलं तर मला दोन्ही सांगावं लागेल. न विचारता आत येणारी आई, आणि वाजवून बाहेर थांबणारं कोणीतरी. एकाच माणसाला दोन्ही जमतं का, ते मला अजून माहीत नाही.

सत्राच्या शेवटच्या शनिवारी काकू सईला न्यायला आल्या. एकट्याच, पहाटे निघून. सई वर बॅग भरत होती. त्या आधी माझ्याकडे आल्या, पिशवीतून मेथीच्या लाडवांचा डबा काढला. "थंडीचे आहेत. रोज एक खा, तुझ्या चेहऱ्यावर काही उरलं नाही." रविवारच्या मेसेजना मी महिनाभर नुसती फुलं पाठवली होती. त्याबद्दल त्या एक शब्द बोलल्या नाहीत. खुर्चीत बसल्या, कोट काढला नाही. रोज अनोळखी माणसांना "काही होणार नाही" म्हणून झोपवणाऱ्या त्या बाई कोटाचं एकच बटण काढत होत्या आणि परत लावत होत्या.

"बाळा, एक विचारू? ती काहीतरी लपवतेय. मी ओरडणार नाही, देवाशपथ. गाडीत चार तास शेजारी बसायचंय मला, काय बोलू तेच कळत नाहीये. तुला माहीत असेल तर सांग. मी तुझं नाव घेणार नाही."

माझ्या जिभेवर "काही नाही काकू, बरी आहे" आलं होतं. मोठ्यांना दुखवायचं नसतं तेव्हा आमच्या घरात हेच म्हणतात. डबा माझ्या हातातच होता. वर सईच्या बॅगेची चाकं वाजली.

"मला माहीत आहे, काकू," मी म्हणाले. "पण मी सांगणार नाही. ती स्वतः सांगणार आहे तुम्हाला. तुम्ही कोट काढा, मी चहा टाकते."