भिंतीवर सोडलेली जागा

परवा व्हिडिओ कॉलवर तुमच्यातल्या धाकटीने विचारलं, "आजी, तुझ्या प्रोग्रॅमच्या मदत-पानावर ते एक वेडं वाक्य का आहे?" मी म्हटलं, लिहून कळवते. पडद्यावर सांगायची ती गोष्ट नाही.

वाक्य असं आहे: ‘राहिलेली अक्षरं भरून घेण्याआधी, कोणासाठी तरी जागा सोडलेली ओळ फाइलमध्ये असेल, तर ती काढून ठेवा.’ ते मीच लिहिलं, इंग्रजीत आणि मराठीत. लोक अधूनमधून विचारतात, याचा अर्थ काय? मी उत्तर देते, लिहिलंय तसं करा.

पहिल्यापासून सांगते. मी गोंदियाच्या कॉलेजात इंग्रजी शिकवायची, हे तुम्हाला माहीत आहे. निवृत्तीनंतर मुर्रीच्या घरात बसून फॉन्ट तयार करायच्या एका प्रोग्रॅमची देखभाल करते. हा प्रोग्रॅम कोणा एकाच्या मालकीचा नाही. त्याची आतली घडण सगळ्यांना उघडी असते. ज्याला चूक दिसेल त्याने ती दुरुस्त करावी, बाकीच्यांनी तपासून घ्यावी. मी आधी फक्त त्याची माहिती मराठीत लिहायला बसले होते. लिहिताना चुका दिसल्या, त्या कळवल्या, तर उत्तर आलं की तुम्हीच दुरुस्त करून पाठवा. जन्मभर मुलांना हेच सांगत आलेल्या बाईने आता काय बोलावं? शिकले. हळूहळू देवनागरीचा सगळा भाग माझ्याकडे आला. बाकीचा भाग सांभाळणारी मुलगी दूरच्या एका थंड देशात राहते. आम्ही रोज एकमेकींचं काम तपासतो, पण एकमेकींचा चेहरा अजून पाहिलेला नाही.

देवनागरी फॉन्टला अक्षरं फार लागतात, आणि ती सगळी काढायचा धीर थोड्यांकडे असतो. म्हणून मी प्रोग्रॅममध्ये एक सोय घातली. तुम्ही काढलेल्या अक्षरांमधली कुठली गाठ, कुठला दांडा, कुठला वरचा वळलेला आकडा असे तुकडे घेऊन तो न काढलेली अक्षरं जुळवतो. ही सोय तपासायला मला कोणाचं तरी खरं हस्ताक्षर हवं होतं. मी तुमच्या आत्याआजीचं घेतलं.

आत्याआजी म्हणजे तुमच्या आजोबांची थोरली बहीण. मी त्यांना अक्का म्हणते. त्या मला अजून मास्तरीण म्हणतात. आमगावच्या पुढे त्यांचं गाव, धानाची शेती. आपल्याकडे लग्नघराची दाराजवळची भिंत चुन्याने पांढरी करून तिच्यावर मोठ्या अक्षरांत ‘शुभविवाह’ आणि खाली नवरा-नवरीची नावं रंगवतात, हे तुम्ही लहानपणी पाहिलं आहे. आसपासच्या गावांतल्या भिंती अक्का लिहायच्या. बाईमाणसाने भिंत लिहायची हे तेव्हा नवल होतं, पण अक्षरच असं होतं की कोणी नाव ठेवलं नाही.

फक्त ‘भ’ त्या लिहीत नसत. त्यांच्या यजमानांचं नाव त्या अक्षरापासून सुरू होत होतं. नवऱ्याचं नाव घ्यायचं नाही ही रीत सगळ्याच बायकांची होती. अक्कांनी ती भिंतीपर्यंत नेली. बोलताना भात म्हणत, भाजी म्हणत, पण लिहीत नसत. "बोललेलं हवेवर जाते," त्या म्हणायच्या, "लिवलेलं भिंतीवर राहते. लोकं येता-जाता पायतेत."

आणि ‘शुभविवाह’ तर प्रत्येक भिंतीवर! अक्का ‘शु’ लिहायच्या, जागा सोडायच्या, ‘विवाह’ लिहायच्या. संध्याकाळी त्यांचे यजमान शेतातून येताना त्या घरी थांबायचे, ब्रश मागायचे आणि तेवढं एक अक्षर भरून पुढे जायचे. लोक चेष्टा करायचे, "बाईचा कागद, बुवाचा शिक्का." ते वारल्यावर ती जागा शाळेतले मास्तर भरू लागले.

एका उन्हाळ्यात मी कागदांवर चौकटी आखून अक्कांकडे गेले. त्यांनी ओसरीवर बसून सगळी अक्षरं काढून दिली. ‘भ’ची चौकट कोरी ठेवली. शेवटी मी म्हटलं, एक ओळही लिहून द्या, अक्षरं शेजारी शेजारी कशी बसतात तेही मला मोजायचंय. त्यांनी सवयीने ‘शु’ लिहिलं, जागा सोडली, ‘विवाह’ लिहिलं. मी हसले. त्या हसल्या नाहीत.

पुढच्या हिवाळ्यात अक्कांना अर्धांगाचा झटका आला. वाचा शाबूत राहिली, पण उजवा हात गेला. तो मांडीवर ठेवला की तिथेच राहायचा, दुसऱ्या कोणी सांभाळायला देऊन ठेवल्यासारखा. आणि मग त्यांच्या नातीचं लग्न ठरलं.

मी भेटायला गेले होते तेव्हा घरात तोच विषय चालला होता. अक्कांचा मुलगा म्हणाला, गोंदियाहून फ्लेक्स छापून आणतो, नवरा-नवरीच्या फोटोसकट. अक्का भडकल्या.

"नातीच्या लग्नात दारावर पिलास्टिक? मंग मी मांडवात नाही येत. मले आतच कोंडून ठेवा."

"आई, तुहा हात चालते काय?"

आयुष्यभर दुसऱ्यांच्या लेकीबाळींची नावं लिहिली, आणि आता स्वतःच्या नातीच्या भिंतीवर आपलं अक्षर नसणार, हे अक्कांना त्या क्षणी कळलं असावं. त्या आपल्या उजव्या हाताकडे पाहत राहिल्या. मला ते पाहवलं नाही. मी म्हटलं, "अक्का, तुमचा हात माझ्याकडे ठेवलेला आहे."

बेत सोपा होता. फॉन्ट पुरा करायचा, अक्षरं मोठी करून फ्लेक्सवाल्याकडूनच प्लास्टिकच्या पत्र्यात आरपार कापून घ्यायची. तो छाप भिंतीवर धरून नातीने गेरू भरायचा. अक्षर अक्कांचंच उमटणार. अडत होतं ते एका ‘भ’साठी, आणि त्यासाठी माझी सोय तयार होती.

मुर्रीला येऊन मी ती चालवली. अक्षर आलं. खालची गाठ आणि दांडा ‘म’चा, वरचा आकडा ‘ध’चा, अपेक्षेप्रमाणे. पण आकड्याच्या टोकाला एक शेपूट होतं. ते शिरोरेषेच्या वर चढून उजवीकडे वळलं होतं, दयाळ पक्ष्याच्या शेपटीसारखं. अक्कांच्या कुठल्याच अक्षराला तसलं काही नाही. त्यांचं अक्षर शिस्तीचं, रेषा ओलांडणारं नाही.

मी चूक समजून शोधायला लागले. पुन्हा चालवलं तरी शेपूट आलं. दुसऱ्या हस्ताक्षरांवर चालवलं, तिथे नाही आलं. फाइल त्या थंड देशातल्या मुलीला पाठवली. तिच्याकडेही आलं. तिने लिहिलं, ‘सुंदर आहे. पण आलं कुठून?’

अशा वेळी आमची पद्धत एकच असते. फाइलमधली एकेक गोष्ट काढायची आणि पाहायचं. मी एकेक अक्षर काढत गेले. शेपूट जाईना. शेवटी ती ओळ काढली, मध्ये जागा सोडलेली. शेपूट गेलं. ओळ परत घातली. शेपूट आलं.

असं होऊच शकत नाही. ओळ लागते ती फक्त अंतर मोजणाऱ्या भागाला. आकार जुळवणारा भाग तिच्याकडे पाहतसुद्धा नाही. दोन्ही भाग मी लिहिले आहेत. एका घरातल्या दोन खोल्या, आणि मध्ये दार नाही. त्या मुलीने सगळं पुन्हा वाचून कळवलं की खरंच दार नाही.

अक्षरं कागदावर छापून मी अक्कांकडे घेऊन गेले. कागद त्यांच्या मांडीवर ठेवला. एकेका अक्षरावरून नजर फिरत गेली, मान डोलत गेली. त्या अक्षरापाशी नजर थांबली, आणि त्यांनी डाव्या हाताने पदर डोक्यावर ओढून घेतला. घरात, माझ्यासमोर, त्या कधी पदर घेत नसत.

"कवा आले?" त्यांनी विचारलं. आवाज अगदी हळू होता, आणि विचारलं ते मला नव्हतं.

"कोण, अक्का?"

"मले काय पुसते, मास्तरीण? कोठीत जाऊन पाय."

धानाची कोठी आता आहे तिथे आधी मोकळी ओसरी होती. अक्कांच्या मुलाच्या लग्नाची भिंत तिथे लिहिलेली होती. यजमान हयात असतानाचं घरातलं ते शेवटचं लग्न. पुढे खोली वाढवली आणि ती भिंत आत गेली, पोत्यांमागे. नातीने पोती ओढली, मी मोबाइलचा उजेड धरला. चुना पिवळा पडला होता, पण अक्षरं शाबूत होती. अक्कांचा ‘शु’, अक्कांचं ‘विवाह’, आणि मध्ये जरा गडद गेरूतला ‘भ’. शेपूट शिरोरेषेवर चढून उजवीकडे वळलेलं.

"आजी, हे तं तुमच्या कम्प्युटरवालंच हाय," नात म्हणाली आणि माझा हात धरला.

मी फोटो काढला. आमच्या प्रोग्रॅममध्ये अक्षराच्या मागे फोटो ठेवून त्यावरून आकार दुरुस्त करता येतो. घरी आल्यावर मी तो ठेवला, लहान-मोठा करून बसवला. रेघेवर रेघ बसली. दुरुस्त करायला काहीच उरलं नव्हतं. हा फोटो अक्षर तयार झाल्यानंतर फाइलमध्ये आला, आधी नाही, एवढं तुमच्यासाठी नोंदवून ठेवते.

त्याच आठवड्यात मी मदत-पानावर ते वाक्य घातलं. चूक सापडली नाही, तर निदान ती कशी घडते ते लिहून ठेवायचं असतं. थंड देशातली मुलगी म्हणाली, लोक गोंधळतील. मी म्हटलं, गोंधळू देत.

छाप कापायला देण्याआधी मी अक्कांना विचारलं, हे अक्षर चालेल ना?

"ते कापू नोको. जागा सोड."

"मग ते भरणार कोण, अक्का?"

"म्या सारी उमर जागा सोडली. भरनाऱ्याची चिंता कधी केली नाही."

नात रडकुंडीला आली. "आजी, नवरदेवाकडचे ‘शुविवाह’ वाचतीन न! म्हनतीन, पोरीच्या घरचे अडानी हायेत."

"म्हनू दे. तुही सासू कोनती इंग्रजी बोलून राहिली?"

बाहेर आल्यावर नातीने आणि मी गुपचूप ठरवलं. ‘भ’ वेगळा कापून घ्यायचा, पिशवीत ठेवायचा, आणि अक्कांचा डोळा लागला की भरून टाकायचा. त्यांनी विचारलं तर मास्तरांचं नाव सांगायचं.

भिंत लिहायच्या दिवशी अक्कांची चाकांची खुर्ची भिंतीसमोर आणली. नात छाप धरून गेरू भरू लागली आणि अक्का डाव्या हाताने वर, खाली, सरक असं करत राहिल्या. पहिला छाप उचलला आणि त्यांचं अक्षर भिंतीवर उमटलं, तेव्हा त्यांचे डोळे भरून आले. लगेच ओरडल्याही, "व चं पोट भरलं नाही, पोरी! झोपून राहिली का?" नातीचं नाव उमटलं तेव्हा मात्र त्यांनी डावा हात खाली घेतला. वर ‘शु’ आणि ‘विवाह’ यांच्यामध्ये पांढरा चुना तसाच होता. एवढ्या गेरूमध्ये तीच जागा आधी दिसत होती.

दुपारी अक्कांना खुर्चीतच झोप लागली. मुलगा आणि सून मांडवाच्या सामानासाठी आमगावला गेले होते. मी अक्कांचा उजवा हात मांडीवर नीट ठेवला, आणि नात आणि मी आत जेवायला बसलो. जेवून उठल्यावर मी पिशवीतून छाप काढला आणि बाहेर आले. नात माझ्या मागे होती.

भिंतीवर ‘भ’ होता. ओला. दांड्याच्या टोकावरून गेरूचा एक ओघळ खाली सरकत होता.

"तुमी कवा केलं?" नातीने विचारलं. मी तर तिच्याबरोबरच जेवत होते. हातातला छाप अजून वर्तमानपत्रात गुंडाळलेला होता. कागद सोडून पाहिला, छापाला गेरूचा डाग नव्हता. भिंतीवरच्या अक्षराचं शेपूट शिरोरेषेवर चढून उजवीकडे वळलं होतं. तिथवर माझाही हात पोचला नसता. नात तर सकाळी स्टुलावर चढली होती, आणि ते स्टूल आता आत, चुलीजवळ होतं.

अक्का जाग्या झाल्या. त्यांनी भिंतीकडे पाहिलं, आणि घाई न करता डाव्या हाताने पदर घेतला.

"पाया पड," त्या नातीला म्हणाल्या.

"कोनाच्या?"

नात जराशी घुटमळली. मग भिंतीसमोर वाकली आणि त्या अक्षराखाली जमिनीला डोकं टेकवलं.

मी अक्कांकडे वळले. उजवा हात मी ठेवला होता तसाच मांडीवर होता. अंगठ्याला आणि शेजारच्या बोटाला गेरू लागला होता, ब्रश धरल्यावर लागतो तिथे. नात उठायच्या आत मी माझ्या पदराचं टोक भिजवून तो पुसायला घेतला. अक्का माझ्याकडे पाहत नव्हत्या. झटका आल्यापासून तो हात नेहमी थंड असायचा. त्या दुपारी तो गरम होता, काम करून नुकताच टेकलेल्या माणसाच्या हातासारखा.